एवढं शिकून शेवटी वकिलीच?

मागच्या अंकात पेटंटच्या कामाबद्दल लिहिताना ‘मी मुळात गणिताची’ असं जाता जाता म्हणून गेले आणि पत्रांची रीघ लागली. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच आहे: गणिताची बाई रसायनात कशी गेली, आणि रसायनातली बाई कायद्यात कशी शिरली? काही पत्रं तातडीची आहेत. एकात तर महिनाभरात काही केलं नाही तर नुकसान होईल असा प्रकार आहे. पण इचलकरंजीच्या ताईंचं पत्र सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत वैतागलेलं, म्हणून पहिला नंबर त्यांचा.

प्रश्न : माझी मुलगी गणित घेऊन बी.एस्सी. झाली. एम.एस्सी.ही गणितात केली. मग एकदम रसायनाकडे वळली, दोन वर्षं कॉम्प्युटरवर रेणूंची गणितं करत होती. आता म्हणते, पेटंटचं काम करणार, पुढेमागे एलएल.बी.ही करणार. आमच्या घरात रोज वाद. हे म्हणतात, ‘एवढं शिकून शेवटी वकिलीच करायची होती तर बारावीनंतरच का नाही केली?’ मला उत्तर सुचत नाही. तुमचं कसं झालं ते खरं खरं सांगाल का? — एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, यजमानांच्या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकातच उत्तर आहे. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीनं पेटंटचे अर्ज लिहिणारा आणि लढवणारा, व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बारावीनंतर तुमची मुलगी थेट बी.ए. एलएल.बी.ला गेली असती तर वकील झाली असती, पण पेटंट एजंटच्या परीक्षेचा फॉर्मही तिला भरता आला नसता. म्हणजे ती वर्षं वाया गेली नाहीत, तो प्रवेशाचा दाखला आहे. हे वाक्य त्यांना जेवणाच्या वेळी ऐकवा, मात्र वाढून झाल्यावर.

आता माझं. माझे वडील रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. प्रत्येक वळणावर त्यांनी मला एकच विचारलं, ‘तिथे पेन्शन आहे का?’ तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’ होतं आणि तिन्ही वेळा ते ‘बरं’ म्हणून पेपर वाचायला लागले.

१९८७ साली सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून गणितात बी.एस्सी. झाले आणि पुण्याला विद्यापीठात एम.एस्सी.ला आले. तिथे मोजणीच्या शास्त्राचा एक तास असायचा. एक दिवस फळ्यावर उदाहरण आलं: सहा मण्यांचं कडं आहे, प्रत्येक मणी काळा किंवा पांढरा. वेगवेगळी कडी किती? सहा जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणून ६४ असं कुणीही सांगेल. पण कडं फिरवलं, उलटं केलं तर तेच कडं पुन्हा दिसतं. एकसारखी वगळत गेलं की उरतात १३. हंगेरीच्या जॉर्ज पोल्या यांनी १९३७ मध्ये अशा मोजणीची एक सुंदर रीत दिली. मी ती वहीत उतरवली, चौकट केली आणि चहाला गेले.

कॅन्टीनमध्ये वसतिगृहातली मैत्रीण बसली होती, ती सेंद्रिय रसायनवाली. तिनं माझी वही पाहिली आणि म्हणाली, ‘अगं, हे तर बेंझीन!’ बेंझीनच्या कड्याला सहा कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर हायड्रोजन किंवा क्लोरीन. एक क्लोरीन लावला तर एकच पदार्थ. दोन लावले तर तीन: ऑर्थो, मेटा, पॅरा. सगळे मिळून बेंझीनसकट १३. आणि हे सगळे पदार्थ खरोखर असतात. दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली आणि पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्या बाटलीचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं. कपाटात, मुतारीत टाकायच्या वड्यांचा तो उग्र वास! मी कागदावर मोजलेली गोष्ट नाकात गेली होती. पोल्यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘रासायनिक संयुगे’ हे शब्द होते, हे मला फार नंतर कळलं.

पीएच.डी. सैद्धांतिक रसायनात करायचं त्या वासानं ठरवलं असं म्हटलं तर मार्गदर्शकांना आवडलं नसतं, पण तसंच झालं. १९९५ मध्ये प्रबंध दिला. मग एका संस्थेत प्रकल्पावर लागले, तात्पुरत्या पगारावर. तिथे आमच्या गटानं एका पॉलिमरची बरी पद्धत शोधली. माझं काम हिशेबाचं, हात बाकीच्यांचे. पेटंटचा अर्ज करायचं ठरलं, कागद तयार होत होते, आणि त्याच वेळी गटातल्या एकानं परिषदेत पोस्टर लावलं. सारांश छापून गेला. अर्ज त्यानंतर अकरा दिवसांनी. तेवढ्यानं युरोपची वाट बंद झाली, कारण तिथे स्वतःचंच छापलेलं स्वतःच्या विरोधात जातं. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं. फक्त कुणाला माहीत नव्हतं. सगळे हळहळले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. मला मात्र झोप येईना. दोन वर्षांचं काम अकरा दिवसांत हातचं जातं असा हा कायदा आहे तरी काय, म्हणून मी तो वाचायला घेतला. १९७० चा मूळ कायदा, पिवळ्या पडलेल्या पानांची प्रत. त्यातल्या व्याख्या वाचताना वाटलं, अरे, हे तर आपल्या घरचंच. ‘समजा’, ‘जर’, ‘तरच’, ‘वगळून’.

१९९८ मध्ये मुंबईत एका औषध कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी मिळाली. तिथल्या वरिष्ठांना आम्ही सगळे सर म्हणायचो. ते हिरव्या शाईनं तपासायचे. माझा पहिला मसुदा मी फार मन लावून लिहिला होता. पेटंटमधला महत्त्वाचा भाग म्हणजे दावे, शोधातलं आपलं नेमकं किती ते सांगणारी वाक्यं, आणि एक दावा म्हणजे एकच वाक्य, मग ते अर्धं पान का होईना. माझं वाक्य चौदा ओळींचं. अमुक आम्ल ५ टक्के, ६० अंशांवर, ४ तास ढवळून, गाळून, वाळवून ‘पांढरी स्फटिकी पावडर’ मिळवण्याची पद्धत. सरांनी पेन उघडलं आणि ‘पांढरी’ खोडलं.

‘पण सर, ती पांढरीच होते.’

‘उद्या दुसऱ्यानं पिवळसर केली तर?’

मी गप्प. मग ‘६०’ खोडून त्यांनी समासात लिहिलं, ‘किती ते किती?’ मग ‘४ तास’वर तेच. मग ‘गाळून’ला गोल केला: ‘गाळल्याशिवाय होतच नाही का?’ चौदा ओळींच्या सहा उरल्या. पेन बंद करून ते म्हणाले, ‘तुम्ही रेसिपी लिहिलीत. आपल्याला कुंपण घालायचंय.’

लोकलमध्ये उभ्यानं घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दावा म्हणजे संच. एकेक अट घातली की एकेक छेद घेतला जातो, आणि संच लहान होत जातो. जितके शब्द जास्त तितकी जमीन कमी. ‘पांढरी’ या एका शब्दानं मी पिवळसर पावडरवाल्याला फाटक उघडून देत होते. आणि शब्द फारच कमी केले तर उलटी पंचाईत: कुंपणाच्या आत एखादी जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट येते आणि दावाच पडतो. शिकवणीत संच आणि उपसंच शिकवून मी वसतिगृहाचा खर्च भागवला होता. तेच आता पगारी काम झालं. म्हणून मी आजही दावे आधी लिहिते आणि वर्णन नंतर. आधी कळस, मग पाया. या धंद्यात ते चालतं.

एलएल.बी. फार उशिरा केलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. पहिले काही दिवस शिपाई मला प्राध्यापिका समजून खडू आणून द्यायचा. मी तो घेऊन ठेवायचे.

तेव्हा ताई, मुलीला एवढंच विचारा की तिला लिहायला आवडतं का. गणित येतं, रसायन येतं, हे चांगलंच. पण या कामात दिवसाचे सात तास वाक्यांशी झटापट असते. ज्याला प्रयोगशाळेत हात चालवल्याशिवाय करमत नाही तो इथे वर्षभरात कोमेजतो. मी दोघांना कोमेजताना पाहिलंय.

प्रश्न : पेटंट एजंट व्हायला एलएल.बी. लागतंच का? — एम.एस्सी. भाग दोनचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण, विज्ञानशाखेची पदवी, आणि परीक्षा. शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, पन्नासांची तोंडी. दोन्ही पेपरांत किमान ५० आणि एकूण ६० टक्के. पहिला पेपर कायद्याचा, दुसरा मसुदा लिहिण्याचा. लोक पहिल्यासाठी कलमं घोकतात आणि दुसऱ्यात आपटतात. मीही आपटले होते, ४६ गुणांवर. संचांचा तो साक्षात्कार होऊनही! साक्षात्कार झाला म्हणून हात बसत नाही.

एजंट झालात की अर्ज लिहिणं, दाखल करणं, पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तर देणं, तिथल्या नियंत्रकासमोर सुनावणीला उभं राहणं, हे सगळं करता येतं. हायकोर्टात उभं राहायला मात्र वकील हवा. पूर्वी अपिलासाठी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं आणि अपिलं हायकोर्टांकडे गेली. त्यामुळे एलएल.बी.चं वजन वाढलंय. पण आधी एजंट व्हा, चार वर्षं मसुदे लिहा, मग ठरवा. नागपूरला केंद्र सरकारची बौद्धिक संपदा प्रशिक्षणाची संस्था आहे, तिथे छोटे वर्गही होतात.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक. भारतीय कायद्यात गणिती पद्धतीला पेटंट मिळत नाही असं वाचलं. मग गणितवाल्याचं तिथे काम काय? — कणकवली

उत्तर : सर, बरोबर वाचलंत. कलम ३(के). गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम, अल्गोरिदम, हे शोध मानले जात नाहीत. आणि ते योग्यच आहे. पायथागोरसच्या वारसांना रॉयल्टी देत बसलो असतो. पण पेटंट गणिताला मिळत नसलं तरी पेटंटच्या आत गणित ठासून भरलेलं असतं.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं उदाहरण तुम्ही वर्गात सांगत असाल. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू अदलाबदल करून दिल्या तर मूर्तीचे प्रकार किती? ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? २४. संध्येतली केशव-नारायणापासूनची चोवीस नावं म्हणजे याच चोवीस मूर्ती.

औषधाच्या पेटंटमध्ये नेमकं हेच असतं. १९२४ मध्ये अमेरिकेत रंगद्रव्यांच्या धंद्यातल्या युजीन मार्कुश यांना एक पेटंट मिळालं, त्यात ‘अमुक गटापैकी कोणताही’ असं लिहायची मुभा मिळाली. तेव्हापासून अशा सूत्राला मार्कुश म्हणतात. रेणूचा सांगाडा काढायचा, त्याला हात फुटल्यासारख्या जागा दाखवायच्या, आणि प्रत्येक जागेसमोर यादी द्यायची. पहिल्या जागी ८ पर्याय, दुसऱ्या जागी १२, तिसऱ्या जागी १५, चौथ्या जागी ३. झाले ४,३२० रेणू. हे तर किरकोळ. सहा जागा आणि प्रत्येकी वीस पर्याय घेतले तर ६ कोटी ४० लाख, एका परिच्छेदात! प्रत्यक्ष प्रयोगशाळेत बनवलेले असतात पन्नास-साठ.

मग वाद असा होतो: दहा वर्षांनी दुसऱ्यानं त्यातला एकच रेणू नेमका निवडला. तो आधीच्या कोट्यवधींत ‘होता’ का? संचात होता, हे खरं. पण वाचणाऱ्याला तो कुणी दाखवला होता का? ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात, १ एप्रिल २०१३ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा होता. जुन्या पेटंटनं इमॅटिनिब, म्हणजे ग्लिवेकमधला रेणू, व्यापलं होतं पण उघड केलं नव्हतं, असा कंपनीचा युक्तिवाद. व्यापणं आणि उघड करणं यांत एवढी दरी न्यायालयाला मान्य झाली नाही. हे निकालपत्र वाचताना संच आणि त्याचा घटक यांतला फरक ज्याला हाडात मुरलाय तो पुढे असतो. तेव्हा तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोरीला ही वाट सांगून ठेवा.

प्रश्न : मी शेतकरी. हळद शिजवायच्या वाफेच्या ड्रममध्ये स्वतःच्या डोक्यानं सुधारणा केली, पाणी आणि लाकूड दोन्ही वाचतं. व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, हजारोंनी पाहिला. एक माणूस म्हणतो, पैसे भरा, ‘जागतिक पेटंट’ काढून देतो. शिवाय झडपेची एक नवी युक्ती अलीकडे जमलीय, ती पुढच्या महिन्यात प्रदर्शनात दाखवणार आहे. — वसमत, जि. हिंगोली

उत्तर : दादा, आधी तीन गोष्टी. त्या माणसाला एक रुपया देऊ नका. जागतिक पेटंट नावाची वस्तूच नाही, पेटंट देशागणिक घ्यावं लागतं. व्हिडिओत जे दाखवलंय ते पेटंटच्या दृष्टीनं हातचं गेलं, कारण नावीन्य संपलं. आणि झडप कुणालाही दाखवू नका. भावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही.

झडपेसाठी तात्पुरता अर्ज आधी करा. त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये. त्यानं तुमची तारीख पक्की होते, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. मग खुशाल प्रदर्शनात जा. त्याआधी गावातल्या इंजिनिअरिंगच्या एखाद्या पोराला बसवून पेटंट कार्यालयाच्या मोफत शोध-संकेतस्थळावर वाफेचे ड्रम शोधायला लावा. तुमच्यासारखी झडप कुणी आधीच केली असेल तर १,६०० रुपये वाचतील.

हळदीचंच पत्र आलं म्हणून सांगते, कारण मी सांगली भागातली, हळदीच्या बाजाराच्या वासात वाढलेली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. विषय: जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. आपल्याकडे हसू आणि संताप दोन्ही. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते, आणि सीएसआयआरनं आव्हान दिलं. पण ‘माझी आजी लावायची’ हे तिथे पुरावा म्हणून चालत नव्हतं. त्या वेळच्या अमेरिकी नियमानं परदेशातलं ज्ञान छापील हवं होतं. म्हणून बत्तीस संदर्भ गोळा झाले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पोस्टरचा घाव ताजा असताना मी ती बातमी वाचली. आधी छापलेलं आहे, म्हणून नवीन नाही, या एकाच नियमानं आमचं युरोपातलं पेटंट गेलं होतं आणि त्याच नियमानं हळद परत आली होती.

तुमच्या व्हिडिओचंही तेच झालंय, दादा. पण त्याची एक चांगली बाजू आहे: आता दुसरा कुणीही त्या ड्रमवर पेटंट घेऊ शकत नाही. तारखेसकट तो पुरावा यूट्यूबवर पडून आहे. व्हिडिओ काढून टाकू नका.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या सरांना पेटंट मिळाल्याचा फ्लेक्स चौकात लागलाय. बातमीही आली. खरं असेल? — बारामती

उत्तर : प्रमाणपत्रावर ‘प्रकाशित’ आहे की ‘मंजूर’ ते पाहा. अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, चांगला असो वा टाकाऊ. लवकर हवा तर फी भरून आधीही होतो. बारशाला पदवीदान समारंभ म्हणावं तसं ते आहे. आणि डिझाइनची नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे, तिथे नुसतं रूप नोंदवतात. सरांचं खरंच मंजूर असेल तर माझ्यातर्फे पेढे द्या.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या कर्करोगाच्या औषधानं आमची शेती गेली. पेटंटमुळे औषधं महागतात आणि तुम्ही ती पेटंटं लिहिता. रात्री झोप लागते का? — निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक जिल्हा

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘तुमचं चुकतंय’ असं मी म्हणणार नाही.

मी या धंद्यात आले तेव्हा भारतात औषधाच्या रेणूला पेटंटच नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून तो विचार आला आणि १९७० च्या कायद्यात उतरला. त्यामुळे दुसरी पद्धत शोधली की तेच औषध स्वस्तात करता येई. आमच्या कंपनीतल्या रसायनवाल्यांचं सगळं कौशल्य त्यात होतं, आणि माझा आनंदही. लोअर परळला सन मिलच्या आवारात तेव्हा पेटंट कार्यालय होतं, तिथे पद्धतीचे अर्ज घेऊन मी किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. १ जानेवारी २००५ पासून, जागतिक व्यापार कराराप्रमाणे, रेणूलाही पेटंट सुरू झालं. माझं काम वाढलं. औषधांचे भाव बघून मनही खट्टू झालं. दोन्ही खरं.

पण कायद्यात काही दारं ठेवलेली आहेत, ती लोकांना माहीत नसतात. मार्च २०१२ मध्ये मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे मालकाची मर्जी नसताना दुसऱ्याला औषध बनवायची परवानगी. बायर कंपनीचं नेक्साव्हर हे कर्करोगाचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरात होतं. नॅटको या भारतीय कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली, बायरला सुरुवातीला ६ टक्के रॉयल्टी देऊन. दुसरं दार म्हणजे मंजुरीपूर्वीचा विरोध, जो कोणीही करू शकतो. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी तो केला. क्षयाच्या औषधांच्या दुष्परिणामानं त्यांची श्रवणशक्ती गेली होती. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह २०१९ मध्ये त्यांनी बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाच्या पुढच्या पेटंटला विरोध केला. मुदत संपत आलेल्या औषधाच्या एका क्षारावर आणखी काही वर्षं मिळवण्याचा तो अर्ज होता. मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. त्या दोघी वकील नव्हत्या, रुग्ण होत्या.

मी दोन्ही बाजूंनी काम केलंय. जुन्या औषधात गुण वाढल्याचं दाखवता आलं नाही तर नव्या रूपाला पेटंट नाही, असं कलम ३(डी) सांगतं. त्या कलमाखाली एकदा माझ्याच पक्षकाराचा अर्ज फेटाळला गेला. मी शक्य तेवढं भांडले होते, फी घेतली होती. अँटॉप हिलच्या कार्यालयातून बाहेर पडले तेव्हा पाऊस होता, टॅक्सी मिळत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. हे मी पक्षकाराला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.

प्रश्न : वय ४६. डोंबिवलीत एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये २२ वर्षं. एम.एस्सी. रसायन. आता पेटंटचं काम सुरू करणं म्हणजे म्हातारपणी मुंज का? — डोंबिवली

उत्तर : मुंजीचं सांगता येत नाही, पण परीक्षेला वरची वयोमर्यादा नाही. बावीस वर्षं नमुने तपासून ‘बसतो की बसत नाही’ हे सांगत आलात ना? पेटंटचा परीक्षकही तेच करतो. तुम्हाला अशुद्धी कुठून येते ते माहीत आहे. नुकत्याच पास झालेल्या पोराला पाठ असतं, पण माहीत नसतं.

चेस्टर कार्लसन हे नाव ऐकलंय? कॉलेजात रसायन घेतलं, मग भौतिकशास्त्राकडे वळले, नोकरी लागली एका विद्युत उपकरणांच्या कंपनीच्या पेटंट विभागात. रात्री कायद्याचे वर्ग. पेटंटच्या प्रती कधी पुरेशा नसायच्या, हातानं उतरवायच्या, आणि नजर अधू, सांधे दुखणारे. या कटकटीतून १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या खोलीत त्यांनी कोरड्या पद्धतीनं पहिली प्रत काढली. आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो ती. माणूस पेटंटच्या कामाला इतका कंटाळला की त्यातून एवढं मोठं पेटंट निघालं! तुम्हाला तेवढं कंटाळायची गरज नाही.

नोकरी सोडू नका. रोज संध्याकाळी एक मंजूर झालेलं पेटंट उघडा, तुमच्या कामाच्या विषयातलं. वर्णन वाचा, दावे झाका. स्वतः पहिला दावा लिहा. मग उघडून ताडून पाहा. सहा महिने एवढंच.

आणि सुरुवात रसायनानं करू नका, स्वयंपाकघरातून करा. चकलीचा सोऱ्या घ्या. त्याचा दावा एका वाक्यात लिहा: नळकांडं, आत सरकणारा दट्ट्या, दट्ट्या ढकलणारी सोय, खालची भोकांची चकती. ‘चकली’ आणि ‘पीठ’ हे शब्द न वापरता. दट्ट्या स्क्रूनं फिरतो की हातानं दाबतो, दोन्ही आत आले पाहिजेत, पण पिचकारी बाहेर राहिली पाहिजे. जमलं तर इकडे पाठवा. ‘पितळी’ लिहिलंत तर खोडणार आहे.